ओकाऱ्यांचा उन्हाळा

मे महिना लागला की आमच्या वेस्ट विंडसरमध्ये दारोदारी काळपट सालपटांचे ढीग येऊन पडतात. मल्च म्हणतात त्याला. झाडांच्या बुंध्याशी ते पसरायचं, वर कुणी कुणी कोंबडखत टाकायचं, आणि मग एखादी सर येऊन गेली की अख्खी गल्ली आंबते. लोक त्या वासात खुशाल चकाट्या पिटत उभे असतात. मी मात्र नाकाला रुमाल लावून पत्रपेटीपर्यंत जाते आणि तशीच परत येते. मुलगी अ‍ॅशबर्नहून फोन करते, मी कुरकुर करते, ती म्हणते, "आई, इट्स जस्ट मल्च. यू आर सो ड्रॅमॅटिक." असेन. सत्तरीला टेकले तरी माझं नाक काही म्हातारं झालेलं नाही.

खरी गोष्ट अशी की त्या वासाच्या तळाशी मला दुसराच एक वास येतो. ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्याचा. अलास्काच्याही पलीकडे, बेरिंग समुद्रात एक बेट आहे, तिथला. झाड म्हणून एक नाही. ओलं धुकं, खाली सरळ समुद्रात उतरणारे कडे आणि त्या कड्यांवर दाटीवाटीने बसलेले लाखो पक्षी. दुरून डोंगर साजरे म्हणतात. हा कडा दुरूनही साजरा नव्हता, कारण दिसायच्या आधी त्याचा वास यायचा. विष्ठा, कुजके मासे, फुटलेली अंडी, ओली पिसं, सगळं एकत्र. पहिल्या दिवशी मी नाकाला ओढणी बांधली तर माझी सोबतीण डेबी हसली. "गिव्ह इट अ वीक," ती म्हणाली, "यू वोन्ट स्मेल अ थिंग." आठवडा गेला, महिना गेला. मला वास येतच राहिला.

मी तिथे पोचले कशी, हे माझ्या आईलाही शेवटपर्यंत कळलं नाही. कोल्हापूरला एमएस्सी झूलॉजी केलं, लग्न करून न्यू जर्सीला आले, शरदला औषधांच्या कंपनीत नोकरी, मी पीएचडीला नाव घातलं. आमच्या प्राध्यापकबाईंनी विषय दिला: ध्रुवाकडच्या समुद्रपक्ष्यांचा आहार आणि वीण. आहार म्हटल्यावर मला वाटलं, दुर्बिणीतून बघायचं आणि कोण काय खातं ते टिपायचं. कर्म माझं. पक्षी जाऊन खातो मैलोगणती दूर, भर समुद्रात. कड्यावर बसून तुम्हाला काय दिसणार? तो पोट भरून परत आला की लांब काठीच्या फासाने त्याला पकडायचं. घाबरला की तो ओकतो. ते ओकलेलं खाली पिशवी धरून झेलायचं. झाला आहाराचा अभ्यास.

आमच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण बंद. अंड्याचं टरफल मी पहिल्यांदा हातात धरलं ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत. आणि तिथे रोज दुपारी एका पत्र्याच्या खोलीत मी पक्ष्यांच्या ओकाऱ्या निवडत बसायची, पोह्यातले खडे निवडावेत तशा. आधी चाळणीतून धुवायच्या. मग चिमट्याने कोळंबीसारखे बारके किडे एकीकडे, अर्धवट विरघळलेले मासे दुसरीकडे. मासा पार विरघळला असला तरी त्याच्या कानातला एक बारीक पांढरा खडा शिल्लक राहतो, त्यावरून मासा ओळखायचा. मी त्यात इतकी तरबेज झाले की डेबी मलाच बोलवायची. हे कौतुक घरी कुणाला सांगणार? "सूनबाई काय करतात?" "उलट्या ओळखतात."

मध्येच नमुन्यांच्या बरण्या संपल्या. दह्याचा रिकामा डबा फेकायचा नाही हा आपल्या बायकांचा धर्म, तो मी बेटावरही पाळला होता. खाटेखाली चांगली चळत जमली होती. त्या सगळ्या डब्यांत ओकाऱ्या भरल्या गेल्या, आणि प्राध्यापकबाईंनी रेडिओवरून माझी पाठ थोपटली. तेव्हापासून दह्याच्या डब्यात आमटी घालून देणाऱ्या मैत्रिणीला मी तोंडभरून थँक यू म्हणते आणि घरी येऊन ती आमटी ओतून टाकते.

पण माणसाच्या नाकाची गंमत बघा. त्या खोपट्यात आम्ही चौघं. तिघं अमेरिकन, आठ-आठ दिवस अंघोळ नाही, बुटांना पक्ष्यांची घाण, त्याच बुटांनी स्वयंपाकात. मी एके दिवशी मुगाच्या वरणाला हिंगाची फोडणी दिली, तर तिघंही नाक दाबून बाहेर पळाले. दुसऱ्या दिवशी मीटिंग. ती डबी घरात नको, असा तिघांच्या मतांनी निर्णय. मी म्हटलं, अरे, तुम्ही काय वासात जगताय आणि हिंगाला नावं ठेवताय? डेबी गंभीरपणे म्हणाली, "बट धिस इज इंडोअर्स." मग माझी हिंगाची डबी बाहेर दगडाखाली. बेटावर कोल्हे फार. मेलेलं, कुजलेलं, काही सोडायचे नाहीत. एकाने डबी उकरून काढली, हुंगली आणि तिथेच टाकून गेला. तेवढाच मला शेजार भेटला, तोही असला.

फुलमार नावाचा एक पक्षी असतो. दिसायला गरीब, करड्या रंगाचा, घरट्यावर शांत बसलेला. वर्षाला एकच अंडं घालतो आणि नवरा-बायको आळीपाळीने उबवतात. एक बसला की दुसरा दिवसचे दिवस समुद्रावर. कुणी जवळ गेलं की हा गरीब प्राणी पोटातलं तेल नेम धरून तोंडावर मारतो. केशरी, चिकट, सडक्या माशाचा अर्क म्हणा. पिल्लूसुद्धा मारतं, कापसाचा गोळा असतानाच. ते तेल धुतलं जात नाही. मी बेसन लावलं, राख लावली, रिठे उकळून बघितले. स्वेटरचा वास तसाच, वर बेसनाचा. शेवटी पिल्लाला काय म्हणायचं, त्याचे आई-बाप दोघंही बाहेर गेलेले, त्याच्याजवळ दुसरं आहे काय? हे मला पटायचं. तरी किळस जायची नाही. पटणं डोक्यात असतं आणि किळस पोटात.

आता चिमीचं सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल बाई नुसती नाक मुरडते आहे.

चिमी माझी मुलगी. त्या वर्षी मार्चमध्ये ती नऊ महिन्यांचीही नव्हती, आणि मी तिला कऱ्हाडला सासूबाईंकडे ठेवून आले. त्या काळी आपल्या लोकांत हे सर्रास चालायचं. दोघं शिकणारी किंवा नोकरी करणारी, पाळणाघरं परवडायची नाहीत, मग मूल इंडियाला. कुणी सहा महिने, कुणी वर्ष, कुणी शाळेच्या वयापर्यंत. विमानतळावर ओळखीचं कुणी तिकडे निघालेलं दिसलं की लोक त्याच्याबरोबर खाऊ आणि खेळणी पाठवायचे, आणि कधी कधी मूलही. शरदचं आणि माझं ठरलेलं होतं: मी बेटावर उन्हाळा काढायचा, ऑगस्टअखेर त्याने रजा घेऊन जायचं आणि चिमीला घेऊन यायचं. एक उन्हाळा, बस. निघायच्या आधी इथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला जोशीकाकू म्हणाल्या, "अगं, आणायची घाई कशाला? पाच वर्षांची होईतो राहू दे तिकडे. मराठी होईल, संस्कार होतील. मी माझे दोन्ही ठेवले होते." मग पुरणपोळी वाढता वाढता दुसऱ्या बाईला म्हणाल्या, "पोर ठेवून पक्षी बघायला निघालीय." दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून, मध्ये फक्त तूप. मला त्या दोन्हींचा सारखाच संताप आला.

बेटावरचा पहिला आठवडा. किट्टीवेक म्हणून एक लहान समुद्रपक्षी असतो, पांढरा, काळ्या पायांचा. हजारोंनी घरटी, आणि त्याचं ओरडणं नाकातलं, रडकं, अगदी भुकेल्या पोरासारखं. मी कड्याच्या काठावर पालथी पडून दुर्बीण लावली होती. खालून ते हजारो रडके आवाज आले आणि माझ्या छातीला दूध फुटलं. मला वाटत होतं आटलं. दोन स्वेटर, वर रबरी कोट, आत सगळं ओलं, थंड आणि चिकट. काही वेळाने त्याचा आंबूस वास. डेबीने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, फुलमार. ती म्हणाली, इथे तर फुलमार नाहीत. त्या दिवशी मला माझ्याच अंगाची जी शिसारी आली, तिच्यापुढे पक्ष्यांची काहीच नव्हे. पुढे कित्येक दिवस मी कड्यावर जाताना जुना टॉवेल फाडून आत बांधायची.

हल्ली आमच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी पक्ष्याचा फोटो टाकतं. चोचीत चोच, खाली 'आईची माया'. त्यावर हात जोडलेली पंधरा चित्रं. मी काही लिहीत नाही, लिहिलं तर मला ग्रुपमधून काढतील. मी सगळा उन्हाळा ती माया बघितली आहे. किट्टीवेकच्या एका घरट्यात दोन पिल्लं होती. थोरलं धाकट्याला डोक्यात टोचायचं. आई शेजारी बसलेली, बघतेय, पिसं साफ करतेय. टोचून टोचून धाकटं काठावर गेलं आणि एका सकाळी नव्हतं. त्या वर्षी समुद्रात मासे कमी. आई-बापांना दूर जावं लागे, उशीर होई, ओकून भरवायला पोटात फारसं काही नसे. थोरलं एकटं राहिलं, चोच उघडी टाकून. मग एक दिवस दोघंही आई-बाप गेलेले. मोठा गल, म्हणजे दुसऱ्यांची पिल्लं खाणारा समुद्रपक्षी, आला आणि त्याने ते पिल्लू अख्खं गिळलं. त्याच्या गळ्यातून ते खाली जाताना दिसत होतं. मी दुर्बीण बाजूला ठेवली आणि गवतात उलटी केली. ती कुणी पिशवीत धरली नाही.

डेबी शांत. ती मिनेसोटाच्या शेतातली, गाई-डुकरांत वाढलेली. म्हणाली, "दे लिव्ह अ लाँग टाइम. व्हाय डाय फॉर वन बॅड समर?" म्हणजे, हे पक्षी खूप जगतात. एका वाईट उन्हाळ्यासाठी आई-बापांनी मरायचं कशाला? स्वतः तगायचं, पुढल्या वर्षी पुन्हा घालायचं. शास्त्र म्हणून यात चूक काढायला जागा नव्हती. माझ्या प्रबंधात मी तेच लिहिलं, चांगल्या इंग्रजीत. पण त्या संध्याकाळी मला डेबीचा राग आला, शास्त्राचा आला, आणि त्या पांढऱ्याशुभ्र पक्षिणीचा तर इतका आला की दगड उचलला होता. यात कुणी माझी आणि तिची तुलना करू नये. माझं पोर कऱ्हाडला दूधभात खात होतं. तिला पुढल्या वर्षी बघू असं मी कधी म्हटलं नव्हतं. तरी झोपताना डोळ्यांपुढे ती उघडी चोच यायची.

ऑगस्ट सरत आला. ठरल्याप्रमाणे शरद कऱ्हाडला गेला. बेटावरच्या वस्तीत एक दुकान होतं, तिथे फोन. ट्रंक कॉल लावायचा आणि मग पिंपावर बसून राहायचं. मी फुलमारच्या कड्यावरून तशीच आले होते, त्या सकाळी दोन पिल्लांनी माझ्यावर हात साफ करून घेतला होता. केसांतसुद्धा तेल. दुकानदारीणबाईने आधी दार उघडं टाकलं, मग स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली. फोन लागला. सासूबाई शेजारी असणार म्हणून मी रीतसर सुरुवात केली, "अहो, कशी आहे चिमी?"

"मजेत आहे. चालायला लागली. सगळ्यांच्या मागे मागे फिरते." मग, "आई म्हणतेय, अजून एक वर्ष राहू दे. तुझं लिहूनही होईल. तिकडे थंडी, पाळणाघर, तिला सारखी सर्दी होणार. मलाही वाटतं, आई म्हणते त्यात चूक काही नाही."

चूक नव्हतीच. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनी पोरीला जीव लावला होता, आपल्या हाताने भरवत होत्या. पाळण्याजवळ खाली अंथरूण टाकून झोपत होत्या. आणि जे म्हणत होत्या ते सगळं बरोबर होतं. बरोबर गोष्टींचा मला त्या उन्हाळ्यात वीट आला होता. मला कळत होतं की हे एक वर्ष नाही. एकाचं दुसरं होतं, मग मूल तिथलं होतं, मग त्याला उपटून आणणं हेच पाप ठरतं. जोशीकाकूंचे दोन्ही मुलगे त्यांना इंग्रजीतून "मॅम" म्हणायचे. फोनमध्ये समुद्रासारखी खरखर, आणि मागे कुठेतरी लहान मूल काहीतरी बडबडत होतं.

"शरद," मी म्हटलं. अहो-जाहो गेलं. "तिला घेऊन ये. नाहीतर तूही येऊ नकोस."

तो काही म्हणाला का, ते ऐकू आलं नाही. लाइन गेली होती. पुन्हा लावायचा तर दुकानदारीणबाई बिचारी किती वेळ बाहेर थंडीत उभी राहणार.

पुढचे दिवस मी कामात काढले, दुसरं होतं काय. मर नावाचा एक पक्षी होता तिथे. नाव मी ठेवलेलं नाही. काळा, ताठ, घरटं नाही, काडी नाही, उघड्या खडकावर एक अंडं. अंड्यातलं पिल्लू फुटण्याआधीच आतून ओरडतं आणि आई-बाप बाहेरून उत्तर देतात, असं एकमेकांचे आवाज ओळखीचे होतात. पिल्लू उडण्याजोगं व्हायच्या आतच कड्यावरून खाली उडी टाकतं. पंख नाहीत म्हटलं तरी चालेल असे. खाली समुद्रात बाप ओरडत असतो. पिल्लू पडतं, दगडांवर आपटतं, चिखल-विष्ठेत लोळतं, कोल्हे टपलेले, गल टपलेले. त्यातलं जे पाण्यापर्यंत पोचतं ते बापाच्या शेजारी जातं आणि दोघं पोहत पोहत खोल समुद्रात निघून जातात. आई मागे कड्यावर. पुढे कित्येक आठवडे बापच भरवतो. डेबी म्हणाली, इजन्ट दॅट स्वीट. मला स्वीट काही दिसलं नाही. कड्याच्या पायथ्याशी न पोचलेल्या पिल्लांचा खच होता आणि त्यावर माश्या. मी एवढंच बघत होते की कुठले बाप हाका मारतात आणि कुठले नाहीत. हे शरदला सांगून उपयोग नव्हता. त्याला पक्ष्यांचे दाखले दिलेले आवडत नसत.

माझं विमान आणि त्याचं विमान एकाच दिवशी, न्यू यॉर्कला. तो येणार हे जोशीकाकांकडून कळलं, कारण गाडी घेऊन तेच येणार होते. तो एकटा येतो आहे का, हे मी त्यांना फोनवर विचारलं नाही. विमानात माझ्या शेजारचा माणूस उठून मागे जाऊन बसला. जोशीकाका बिचारे सज्जन. मला बघून पुढे आले, मग दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "प्रवास फार लांबचा झाला, नाही?"

आम्ही दाराशी उभे राहिलो. दार उघडायचं, माणसं यायची, दार मिटायचं. साड्या, ट्रॉल्या, दोरीने बांधलेल्या बॅगा. आता आठवतं ते इतकंच की मला तहान लागली होती आणि मी तिथून हलले नाही.

मग शरद आला. घरात बनियनलासुद्धा इस्त्री लागणारा माझा नवरा. दाढी वाढलेली, चष्मा वाकडा, आणि शर्टावर डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत वाळलेला ओघळ. मी लांबूनच वाचला. दूध, बिस्किट, केळं. त्याच्यावर अजून एक, ताजा. त्या खांद्यावर डोकं टेकून चिमी होती. काळ्या दोऱ्याचं मनगट, कानात नव्या बाळ्या, डोळे टक्क उघडे.

"धर," शरद म्हणाला. "सगळ्या रस्त्यात ओकली आहे. आई बोलत नाहीये माझ्याशी."

मी हात पुढे केले. चिमीने माझ्याकडे बघितलं, मग नाक माझ्याकडे वळवलं. तोंडाचा चंबू झाला, भुवया एकत्र आल्या. "शी," ती स्पष्ट म्हणाली, आणि बापाच्या मानेत तोंड खुपसलं. मी जवळ गेले तशी पायांनी त्याच्या पोटाला रेटा देत वर चढायला लागली.

जोशीकाका म्हणाले, "येईल हो. थोडी सवय व्हायला हवी." शरद माझ्याकडे बघत होता, मी आता रडेन म्हणून. मला रडू आलं नाही. तिला मी नको होते. पण ती आली होती.

गाडीत ती शरदच्या मांडीवर, मी पलीकडच्या दाराशी, अंग चोरून. पाऊस लागला, जोशीकाकांनी काचा वर घ्यायला सांगितल्या. मी माझ्या बाजूची काच घरापर्यंत खालीच ठेवली. भिजले. तिच्यापर्यंत माझा वास जायला नको होता.